तुळजापूरचं कुंकू

१४ नोव्हेंबर, तामलवाडी

हर्षाली फोनवर म्हणाली, "अण्णा, आई येत न्हाय, तर तुम्ही जे जे बघाल ते लिहून ठेवा. परत गेल्यावर तिला वाचून दाखवा." म्हणून आजपासून लिहितो. सरपंच असताना भाषणं माझी मीच लिहायचो. हे काही अवघड जाणार नाही.

कस्तुराबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर प्रवास नको म्हणाले. तिचं तिकीट रद्द केलं. मीही जात नाही म्हणालो, तर तीच म्हणाली, "पोरगी तिकडं एकली. एकानं तरी जावं."

मॉरिशसला जायचंय. जावई विष्णू तिथला. पुण्याला शिकायला आला होता, तिथं दोघांची ओळख झाली. त्याच्या पणज्याच्या बापाला कोकणातून बोटीत घालून ऊस तोडायला नेलं होतं. लग्नात मी तोंड पाडून बसलो होतो. नाव मराठी आहे, पण एवढ्या पिढ्या समुद्रापलीकडं राहिल्यावर त्यांच्यात मराठी काय उरलं असेल, असं मला वाटायचं. अजून वाटतं. कस्तुराबाईला वाचून दाखवताना एवढं गाळीन.

विहीणबाई चंपाबाईंनी एकच गोष्ट मागितलीय. साडी नको, फराळ नको, तुळजाभवानीच्या पायाचं कुंकू आणा. मी हसलो. म्हणलं, देवी आमच्या दारातच हाय, पोतंभर आणतो. कस्तुराबाईनं स्टीलची डबी घासूनपुसून दिली.

१७ नोव्हेंबर

आज तुळजापूरला जायचं म्हणून बजरंगची जीप सांगितली. बजरंग आमच्या भावकीतला. फाट्यावर आलो आणि सोलापूरच्या टेलरचा फोन आला, कोट तयार आहे, आज न्या, उद्यापासून दुकान बंद. मग जीप उलटी वळवली. कोट झकास बसलाय. तिथंच बूट घेतले, बॅग घेतली, केस काळे करून घेतले. परत यायला दिवस मावळला.

कस्तुराबाई खाटेवरूनच म्हणाली, "आणलाव का कुंकू?"

मी म्हणालो, "व्हय."

बोलून तर बसलो. दमलो होतो. न्हाय म्हणालो असतो तर तिनं सोलापूरची सगळी हकीकत विचारली असती, आणि केसांवरून बोलली असती. उद्या-परवा जाऊन आणायचंच आहे. मग ते खोटं राहणार नाही.

२० नोव्हेंबर

काल गावानं मारुतीच्या पारावर सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. मी बोललो. समुद्रापलीकडच्या आपल्या बांधवांना या मातीचा निरोप नेतोय असं म्हणालो, टाळ्या पडल्या. परवाचा दिवस पाहुण्यांत गेला, कालचा सत्कारात.

आज मुंबईला निघायचं. डबी बॅगेत आहे, रिकामी. सकाळी बजरंगला पिटाळावं असं मनात आलं होतं. पण त्याला पिटाळलं तर कस्तुराबाईला कळणार. मुंबईत कुठंतरी देवीचं देऊळ असेलच.

२२ नोव्हेंबर, कास्कावेल, मॉरिशस

विमानात सहा तास खाली नुसतं पाणी. मुंबईत देऊळ शोधायला वेळ मिळाला नाही.

विमानतळावर हर्षाली धावत आली आणि लहानपणासारखी गळ्यात पडली. विष्णू पाया पडला. विहीणबाई मागं उभ्या होत्या, हातात घरच्या जास्वंदीचा हार. साठी उलटलेली बाई, भाजीचा ठेला चालवते, गाडी स्वतः चालवते. माझ्या गळ्यात हार घातला आणि म्हणाल्या, "भाऊ, माझी मराठी लहान आहे. माफ करा. तुम्ही देवीच्या गावातून आलात. आमचा भाग्य."

गाडीत बसल्यावर लगेच विचारलं, "ती कुंकू आणली का, भाऊ?"

हर्षाली पुढच्या सीटवर होती. तिनं वळून माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "सामानात आहे. उद्या काढू."

हर्षाली पुन्हा पुढं बघायला लागली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस, आपल्यासारखाच. गुलमोहर मात्र नोव्हेंबरात फुललेला.

२३ नोव्हेंबर

विहीणबाईंबरोबर पहाटेच बाजाराला गेलो. त्या ठेला मांडत होत्या तेवढ्यात गल्लीतून एक चक्कर मारली. पूजासामानाचं दुकान होतं. कापूर, उदबत्त्या, आणि कुंकवाची पाकिटं. दुकानदार हिंदीत म्हणाला, इंडिया का माल है. मी एक पाकीट घेतलं.

घरी येऊन न्हाणीत कडी लावून डबी भरली. कुंकू ते कुंकूच, हळदीपासूनच होतं, श्रद्धा महत्त्वाची, असं मनाशी म्हणत होतो. रिकामं पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, बाहेर गेल्यावर टाकलं.

दुपारी डबी दिली. विहीणबाईंनी आधी हातपाय धुतले, तोंड धुतलं, डोक्यावर पदर घेतला. मग दोन्ही हात पुढं केले. डबी उघडली आणि बघतच राहिल्या. त्यांच्या सासूनं, सासूच्या सासूनं या कुंकवाची वाट बघितली म्हणे. बोटीत बसताना त्यांच्या घरातल्या बाईजवळ जे होतं ते वाटेतच संपलं, तेव्हापासून या घरात आलं नाही. हे त्यांनी अर्धं मराठीत सांगितलं, अर्धं त्यांच्या बोलीत, ते हर्षालीनं सांगितलं. सांगताना हर्षालीचा आवाज अगदी सपाट होता.

मग तिनं मला विचारलं, "अण्णा, कुणाच्या हातून मागवलं का तुम्ही स्वतः गेलाव?"

"मीच गेलो. रांगेत उभा राहून आणलं."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. दिवस गेलेत तिला, तिसरा महिना. लवकर दमते.

२५ नोव्हेंबर

शामारेलला गेलो. तिथं उघड्या टेकड्यांवर मातीचे सात रंग आहेत, तांबडी, जांभळी, पिवळी, एकमेकींत मिसळत नाहीत. कस्तुराबाई असती तर चिमूटभर पदराला बांधून घेतली असती. वाटेत उंच धबधबा. मग समुद्र, इतका निळा की खोटा वाटावा. विष्णूनं माझे फोटो काढले, कोटात. गावच्या ग्रुपवर टाकले. भराभर अंगठे आले.

हर्षाली मागं बसून होती. खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, आईची आठवण येती का? ती म्हणाली, "व्हय. आईची लई आठवण येती."

२८ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहावं की नाही, संध्याकाळपासून विचार करतोय.

इथं मराठी लोकांचं छोटं देऊळ आहे. विहीणबाईंनी सगळ्या घरांना सांगितलं होतं. पन्नासेक माणसं आली. म्हातारी माणसं नऊवारीत, टोपीत. पोरं शर्टपँटीत, पण आरती तोंडपाठ. मला तिसरं कडवं येत नव्हतं, नुसते ओठ हलवले. एका चार वर्षांच्या पोरीला येत होतं.

मग मला पाटावर बसवलं. शाल घातली. विहीणबाई म्हणाल्या, भाऊ देवीच्या पायापासून आलेत, त्यांच्याच हातानं लावून घेऊ. रांग लागली. एकेक जण समोर वाकत होता आणि मी डबीत बोट बुडवून कपाळाला लावत होतो. एक म्हातारा माझ्या पायावर डोकं ठेवून उठेचना. त्याच्या नातवानं उचललं. मला वाटत होतं की आत्ता उठावं आणि ओरडून सांगावं. पण उठलो नाही. मधे तर, खोटं कशाला लिहू, बरं वाटत होतं. पारावरच्या सत्कारापेक्षा बरं वाटत होतं. त्याचीच आता जास्त लाज वाटते.

हर्षाली रांगेत आली नाही. चहाच्या कामात होती.

तिथूनच विहीणबाईंनी कस्तुराबाईला व्हिडिओ कॉल लावला. डबी कॅमेऱ्यासमोर धरली. "ताई, बघा! तुम्ही पाठवली, बघा!"

कस्तुराबाई बघत राहिली. मी म्हणालो, नेट अडकलं वाटतं. तेवढ्यात ती म्हणाली, "देवीचंच हाय. नीट ठेवा." मग मला विचारलं, "गोळ्या घेतायसा का?" मी व्हय म्हणालो. तिनं फोन ठेवला. नेट खराबच होतं.

१ डिसेंबर

गंगा तलावाला जाऊन आलो. डोंगरात वर, ढगात, गोल तळं. काठाला देवळं, आणि महादेवाची एवढी उंच मूर्ती की मान मोडावी. महाशिवरात्रीला सगळ्या बेटातून माणसं चालत येतात म्हणे, खांद्यावर कावडी घेऊन.

पायऱ्यांवर बसून विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ, हा तळं आधी नुसता तळं होता. मग तिकडून गंगेचा पाणी आणला, यात ओतला. मी लहान मुलगी होते. बाबानं मला खांद्यावर घेऊन आणलं. ज्यानं आणला तो पाणी, तो वाटेत म्हणू शकला असता, पाणी सांडला, दुसरा भरला. कोण बघणार होता? पण आणला."

त्या माझ्याकडं बघून हसल्या. त्यांच्या मनात काहीच नव्हतं. मला ठाऊक आहे काहीच नव्हतं. तरी मला उठून लांब जाऊन उभं राहावं लागलं. त्यांना वाटलं देवापुढं मला भरून आलंय. विष्णूला म्हणाल्या, त्यांना एकटं राहू दे.

उद्या सांगतो. उद्या हर्षालीला बाजूला घेऊन आधी सांगतो, मग विहीणबाईंना.

२ डिसेंबर

नाही सांगितलं.

४ डिसेंबर

विहीणबाईंची थोरली बहीण दमयंतीबाई आज सकाळी गेल्या. पलीकडच्याच घरात राहायच्या. वर्षभर अंथरुणावर होत्या, हे मला माहीत होतं. देवळात त्यांना आणता आलं नव्हतं म्हणून विहीणबाईंनी त्याच दिवशी घरी जाऊन त्यांना कुंकू लावलं होतं. नवरा आहे त्यांना, थकलेला, कानानं अधू.

मी ओसरीत बसलो होतो. विहीणबाई आल्या. रडून डोळे सुजलेले, पण आवाज थाऱ्यावर. म्हणाल्या, "भाऊ, ती डबी द्या. तुमच्याच हातानं द्या. दीदी सवाष्ण गेली. पूर्ण कपाळ भरायचा, मळवट. आमच्या खानदानात पहिली बाई, जी तुळजापूरची कुंकू लावून जाते."

डबी देव्हाऱ्यात होती. तिथवर गेलो. तोंड उघडलं. म्हणालो, "विहीणबाई..."

त्या म्हणाल्या, "हां भाऊ?"

त्यांचे दोन्ही हात पुढं झालेले होते. त्या दिवशीसारखेच.

मी डबी दिली.

बायकांनी मळवट भरला. सगळं कपाळ लाल. म्हातारा नवरा जवळ येऊन बघत होता. त्याला मराठी फार येत नाही, पण मला हात जोडून म्हणाला, "आई आली. माझ्या बायकोला न्यायला आई आली." त्याच्या कानात ओरडून सांगावं लागतं. मी काय ओरडून सांगणार होतो?

५ डिसेंबर

हर्षालीला सांगितलं. मागच्या अंगणात लिचीचं झाड आहे, त्याखाली ती कपडे वाळत घालत होती. मी म्हणालो, हर्षे, मला काही सांगायचंय, ते कुंकू.

ती कपडे घालायची थांबली नाही. म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"तुम्ही विमानात होताव, तेव्हाच आईचा फोन आला. बजरंगदादा घरी आला होता, बोलता बोलता म्हणाला, काका तुळजापूरला गेलेच न्हाईत, सोलापूरहून परत आलो. आई म्हणाली, डबी रिकामी हाय, तू सांभाळून घे, लाजवू नको त्यांना. म्हणून मी सासूबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, अण्णा विसराळू हायत, कुंकू राहिलं असलं तर वाईट वाटून घेऊ नका. त्या काय म्हणाल्या माहिती का? म्हणाल्या, राहिलं तर राहिलं, माणूस येतंय ना."

तिथं भाजीची रिकामी क्रेट होती, तीवर बसलो.

"गाडीत त्यांनी विचारलं, तेव्हा मी वळून बघितलं, अण्णा. तुम्ही 'विसरलो' म्हणाल म्हणून. एवढंच म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी मीच परत विचारलं. तेव्हाबी म्हणला न्हाईत."

"तू का बोलली न्हाईस मग?"

"काय बोलू? माझा बाप खोटं बोलतोय म्हणू? या घरात मला राहायचंय."

तिनं एक चादर झटकली, दोरीवर टाकली. चादरीपलीकडून तिचं तोंड दिसत नव्हतं.

मी म्हणालो, मी आत्ता जाऊन सांगतो. पाया पडतो त्यांच्या. मला सहन होत न्हाय.

ती चादर बाजूला करून आली. माझ्याशी अशी ती कधी बोलली नव्हती. "तुम्हाला सहन व्हावं म्हणून त्यांच्या बहिणीचं कपाळ पुसायचं का? काल मळवट भरला त्यांनी. त्या म्हाताऱ्याला रात्री झोप लागली ती त्या कुंकवावर. आता न्हाय सांगायचं, अण्णा. सांगायचं होतं तेव्हा सांगितलं न्हाईत. आता माझ्यासाठी गप्प राहा."

मी म्हणालो, "आईनं तर फोनवर देवीचंच हाय म्हणलं."

"व्हय. तुमच्यासाठी खोटं बोलली. आईनं देवीचं नाव घेऊन खोटं बोलल्यालं तुम्ही आजवर कधी ऐकलंय का?"

ऐकलं नाही.

७ डिसेंबर

आज परत निघालो. विहीणबाईंनी व्हॅनिलाच्या शेंगा, चहा, साखर असं किती तरी बांधून दिलं. फेब्रुवारीत त्या भारतात येणार आहेत. दीदीच्या नावानं देवीची ओटी भरायची, असं त्यांनी ठरवलंय. हर्षाली पाया पडली, पण गळ्यात पडली नाही. पोटाला त्रास होतो म्हणाली. तिचा त्रास मला कळतो.

११ डिसेंबर, तामलवाडी

घरी आलो. कस्तुराबाई आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालते. तिनं विचारलं, हर्षाली कशी हाय, काय खाती, उलट्या होतात का. सगळं सांगितलं. कुंकवाचं तिनं विचारलं नाही. मी वाट बघत होतो की विचारेल. दोन वेळा मीच म्हणालो, कस्तुरा, ते डबीचं. दोन्ही वेळा ती म्हणाली, जेवून घ्या.

हे लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं होतं. शामारेलच्या मातीची पानं तेवढी वाचली. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "एवढंच लिहिलं का?" मी व्हय म्हणालो. परत व्हय म्हणालो.

१५ डिसेंबर

ग्रामपंचायतीत प्रवासवर्णन सांगायला बोलावलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या. मी बरं वाटत नाही म्हणून कळवलं. बजरंग बोलवायला आला. त्याच्याकडं बघवेना. त्या बिचाऱ्याला काही माहीत नाही. म्हणाला, काका, कोट घालून तरी या.

तुळजापूरला जावं असं रोज ठरवतो. फाट्यापर्यंत गेलो होतो काल. एसटी आली, भरलेली नव्हती. बसलो नाही. जाऊन कुठल्या तोंडानं उभा राहू? आणि जाऊन आलो की मन हलकं होणार. ते हलकं होणंच मला नको वाटतंय.

२१ डिसेंबर

आज दुपारी विहीणबाईंचा फोन आला. कस्तुराबाई समोर शेंगा फोडत बसली होती. फोन स्पीकरवर होता.

विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ, घरी जाऊन देवीला सांगितलं का, दीदी गेली म्हणून?"

मी म्हणालो, "न्हाय, विहीणबाई. गेलो न्हाय अजून."

मग मला वाटलं, मोठं खरं सांगायचं नाही असं पोरीला कबूल केलंय. पण लहान खरं सांगायला काय हरकत आहे? तेवढं तरी अंगावरून उतरावं. म्हणालो, "एक सांगतो तुम्हाला. मी काय देवीचा भक्त न्हाय. इथून तुळजापूर अर्ध्या-पाऊण तासावर, पण मी वर्षानुवर्षं तिकडं फिरकत न्हाय. मला आरतीसुद्धा येत न्हाय. तुम्ही तिथं मला पाटावर बसवलंत, शाल घातलीत. माझी ती लायकी न्हाय."

मला वाटलं, चला, एवढं तरी कळलं त्यांना, मी कोण आहे ते.

मग विहीणबाईंचा आवाज आला, भरलेला. "कधी जात नाही? कधीच? मग फक्त माझ्यासाठी गेले तुम्ही? भाऊ, माझ्यासाठी रांगेत उभे राहिले?" आणि फोन बाजूला करून विष्णूला हाक मारली, "ऐक, ऐक, भाऊ काय सांगतात! देवळात कधी जात नाही, पण आपल्यासाठी गेले!" आणि रडायलाच लागल्या.

मी फोन हातात धरून बसलो. हो म्हणावं की नाही म्हणावं. त्यांना वाटलं असेल मीही रडतोय.

मागून हर्षालीचा आवाज आला, "मम्मी, द्या इकडं." फोन तिनं घेतला. म्हणाली, "अण्णा, ठेवते." आणि ठेवला.

कस्तुराबाई शेंगा फोडत होती. मग मान वर न करता म्हणाली, "फेब्रुवारीत त्या येतील. तुळजापूरला तुम्ही घेऊन जायचं त्यांना. रांगेत सोबत उभं राहायचं, शेवटपर्यंत. दोघंच. मी येणार न्हाय."

मी म्हणालो, "आणि तिथं देवीसमोर त्या माझे हात धरून उभ्या राहिल्या तर? मी काय करू?"

"ते मला इचारू नका."

तिनं सूप उचललं, टरफलं बाजूला केली आणि आत गेली. दिवस मावळला. आतून तिनं जेवायला हाक मारली नाही.